शनिवारी पेटवलेली चूल

बाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी अजून आमच्या वर्गातल्या त्या टोकावड्याच्या मुलीवर जळतो. मुलगी कसली, आता तीही पन्नाशीला आली. ती मुरबाडला इतिहास शिकवते, मी किन्हवलीला. दोघांच्या हातात एकच पुस्तक आणि त्यात पश्चिम आशियाचा तोच धडा: ज्यू आणि मुसलमान यांचं वैर, दीड पान, एक नकाशा, एक रणगाडा, खाली रिकाम्या जागा भरा.

आमच्या वेळीही हा धडा होता, फक्त रणगाडा काळापांढरा. शाळा सुटताना तुम्ही म्हणालात, "पुस्तकात नाही असं थोडं सांगायचंय, ज्याला थांबायचं त्याने थांबावं." मी वर्गात पहिला येणारा. मी विचारलं, "बाई, परीक्षेला येईल का?" तुम्ही म्हणालात, "नाही येणार. जा तू घरी." आणि मी शहाणा, खरंच गेलो. ती एकटी थांबली.

तुम्ही काय सांगितलंत ते मला गेल्या महिन्यात कळलं, मुरबाडच्या शिक्षक-प्रशिक्षणात, तिच्या तोंडून. तुमच्या अलिबागकडच्या माहेरी शनवारतेल्यांचं, म्हणजे ज्यूंचं, एक घर होतं. शनिवारी त्यांचा तेलाचा घाणा बंद, विस्तवालाही हात लावायचा नाही. म्हणून शेजारची मुसलमान बाई सकाळी येऊन त्यांची चूल पेटवून द्यायची. शुक्रवारी दुपारी तिचा नवरा नमाजाला गेला की त्याच्या दुकानात तेली बसायचा. भांडायचे का? भांडायचे की, कोंबड्यांवरून. सगळे हसले, टाळ्या वाजल्या. "हे बाईंनी मला सांगितलं," ती म्हणाली, आणि त्या 'मला'वर केवढा जोर! मला जेवण गेलं नाही.

आठवड्याने माझ्या वर्गात तो धडा झाला. वर्गात मुसलमान मुलगी एकच. मधल्या सुट्टीत पोरं तिच्याकडे बोटं रोखून ठो ठो करत होती. ती माझ्याकडे आली. "सर, आमी लोक पयल्यापासनंच भांडकुदळ हाव का? पुस्तकात तसाच लिवलाय." उत्तर माझ्या ओठांवर होतं. पण ते त्या टोकावड्याच्या मुलीचं होतं, तिची उष्टी गोष्ट मी कशाला सांगू? मी म्हणालो, "पुस्तकात आहे तेवढं लिही." पुढचे तीन दिवस ती शाळेत आली नाही. बाई, मला माझीच लाज वाटली.

चौथ्या दिवशी ती आली तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि चूल, दुकान, कोंबड्या, सगळं सांगितलं. ठो ठो करणारा पोरगा मान खाली घालून ऐकत होता. कोंबड्यांपाशी ती हसली. मग तिनेच विचारलं, "सर, तुमाला ह्या कोनी सांगितला?"

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहितो. मी म्हणालो, "माझ्या बाईंनी. शाळा सुटल्यावर सगळे घरी गेले, मी एकटाच थांबलो होतो."