खिरापतीचं मशीन

१२ डिसेंबर, गुरुवार

आज देवासमोरच रडू आलं. दर गुरुवारी आमच्याकडे आरती, सारी गल्ली जमते, आणि खिरापत वाटायची ती मामाजींनीच. सून म्हणून आले तेव्हापासून हेच बघते. पण सासऱ्यांच्या हाताचा कंप आता फार वाढलाय. आज साखरफुटाणे लेकरांच्या हातात कमी अन् फरशीवर जास्त! एकाचा पाय पडला त्यावर. मामाजींनी ताट माझ्याकडे सरकवलं. "देवाचा प्रसाद पायाखाली गेला, सूनबाई. आता वाटणं तुह्याकडे." अन् आतल्या खोलीत जाऊन बसले.

शेजारच्या तानाबाई, मामाजींच्याच वयाच्या, जाताना म्हणाल्या, "म्हाताऱ्याले लय लागलं वो." जसं काही मला दिसत नाही!

१३ डिसेंबर

मामाजी जेवले. बोलले नाहीत.

१५ डिसेंबर, रविवार

हे खामगावला गेले होते. यांचे मावसभाऊ अविनाशभाऊजी बेकरी बंद करताहेत. तिथलं गोळ्यांचं जुनं मशीन घेऊन आले — वर काचेची बरणी, खाली मूठ. नाणं टाकून मूठ फिरवायची की गोळ्या पडतात. "भंगारात देऊन राह्यला होता, म्या उचललं." मी रागावणारच होते! मग फिरवून पाहिलं. एका फेऱ्याला लेकराच्या तळव्यावर मावतील एवढ्याच गोळ्या. कापऱ्या हातालाही मूठ तर धरता येते... यात साखरफुटाणे भरले तर?

मशीन फुकट, गाडीभाडं मात्र गेलं. हिशेबाच्या वहीत ते घरसामानात मांडू की देवधर्मात? देवधर्मात मांडलं.

१७ डिसेंबर

मशीन राखेनं घासलं. नाण्याशिवाय फिरतच नाही. हे म्हणाले, एक रुपया आत कायमचा चिकटवून टाकू, झालं! तेवढ्यात आतून आवाज — "रुपया आत राह्यला तं प्रसाद इकतचा झाला नं बे! काढा तो!"

गुरुवारपासून पहिल्यांदा मामाजी बोलले. आणि खरंच आहे. पैसे टाकून का प्रसाद घ्यायचा?

१९ डिसेंबर, गुरुवार

मशीन तयार नाही. खिरापत मी वाटली. लेकरं हात माझ्यापुढे करत होती अन् बघत होती आतल्या दाराकडे.

२२ डिसेंबर, रविवार

नाणं अडवणारी पट्टी कानशीनं घासून काढली. बोट सोललं. आता मूठ फिरते, पण अशी सैल की जरा धक्का लागला की भराभर सांडायला लागतं! अन् मामाजींचा हात तर सारखाच हलतो. मग कुकरची जुनी रिंग आठवली, फेकली नव्हती. तुकडा कापून मुठीमागे बसवला. आता जोर लावला तरच फिरते. "मिस्त्रीच निघाली बे तू!" — बायकोला बे! पण बरं वाटलं.

२६ डिसेंबर, गुरुवार

माझीच चूक. चाकाला गाडीचं ग्रीस लावायला मन होईना. ते काळं प्रसादाला लागायचं! म्हणून दुपारी खोबरेल लावलं. छान फिरलं. मामाजींना सांगितलं, तर धुतलेलं धोतर नेसले, टोपी घातली, बाहेर येऊन बसले!

आरती झाली. मामाजींनी मूठ धरली. हलेना. यांनी जोर लावला. हलेना. तानाबाई म्हणाल्या, "यंत्राले थंडी वाजून राह्यली वाट्टे!" सगळे हसले. मामाजी उठून आत गेले.

नंतर उघडलं तर खोबरेल गोठून पांढरं झालेलं. डोक्याला लावायची बाटली रोज सकाळी उन्हात ठेवते मी. तरी सुचलं नाही!

२८ डिसेंबर

सगळं गरम पाण्यानं धुतलं, वाळवलं. करडईचं तेल लावलं. मुद्दाम अंगणातल्या थंडीत ठेवून पहाटे फिरवलं. फिरलं! देवापुढे दिवा लावला.

३१ डिसेंबर

परसात भांडी घासत होते. घरातून मशीनचा आवाज — खर्रर्र. थांबला. परत खर्रर्र.

मी डोकावले नाही. भांडी घासतच राहिले.

२ जानेवारी, गुरुवार

मामाजी बसले! लेकरांची रांग, प्रत्येकाला एक फेरा. हात कापत होता, पण दाणा खाली पडला नाही. एकजण दुसऱ्यांदा आला तर लगेच पकडला, "काऊन बे, आताच तं नेला!" जुनाच दरारा. पांडुरंगा, एवढं चालू ठेव.

९ जानेवारी, गुरुवार

आज तानाबाईंनी मशीनखाली हात धरलाच नाही. मामाजींपुढे पदर पसरून उभ्या राहिल्या. "मले यंत्राचा नको, भाऊजी. तुमच्या हातचा टाका. पदरात काय सांडते?" मामाजींनी बरणीचं झाकण काढलं. मग त्यांनी बरणीत हात घातला. मागोमाग लेकरं, फ्रॉकचे घेर अन् सदऱ्याची टोकं पसरून.

पदर! अन् मी कानस घेऊन बसले होते.