खडीची गाडी

नांदेड, १९ जानेवारी २००२

प्रिय अक्का,

जयभीम. तुझं पत्र मिळालं. बुद्धप्रियाचा लातूरचा क्लास संपला की तिला माझ्याकडं पाठवते, ‘आता तूच तिचा बाप’, असं लिहिलंस. चार दिवस झाले, उत्तर लिहितोय.

इकडं बरं आहे. ड्यूटी चालू आहे.

फाट्यावर गाडीनं जीपला उडवलं तेव्हा मी स्टेशनात काय करत होतो, असं तू विचारलंस. लई काम होतं. मागून आलेली पॅसेंजर माझ्याकडं थांबवली. तीनशे माणसं. डेपोकडं सहा बस मागितल्या, दोन आल्या. म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया आधी बसवल्या. माइकवर सांगत होतो, ‘तांत्रिक कारणामुळे गाडी थांबली आहे.’ एक बाई म्हणाली, “मास्तर, तुमच्या घरचं कुणी असतं तर कळलं असतं.” मी तिला प्यायला पाणी दिलं.

दुपारी कंट्रोलनं फोनवर तीन मयतांची नावं सांगितली. तिसरं पंढरी दाजींचं. मी आडनाव परत विचारलं. मग तिसरी बस मिळते का, म्हणून डेपोला फोन लावला. मला रडू आलं न्हाई, अक्का. अजून येत न्हाई. भूकंपात तुम्हा दोघींना मातीतून उपसून काढणारा माणूस, आणि मी बस मोजत होतो.

आता जे लिहायचं टाळतोय ते लिहितो.

कुठं जायचं झालं की आपल्या घरचे सगळे गाडीचं मलाच विचारतात. त्या सकाळी दाजींचा फोन आला. “दीपा, पॅसेंजर टायमावर हाय का?” मी म्हणालो, “दीड तास लेट आहे दाजी, चहा घेऊन निघा.”

ती लेटच होती. म्हणून तर तिच्याआधी खडीची गाडी सोडायची होती. ती वेळापत्रकात नसते, गावाला तिची खबर नसते. तुमच्या फाट्यावर गेट न्हाई, गेटमन न्हाई. लोक पॅसेंजरच्या टायमावर रूळ ओलांडतात, हे मला ठाऊक होतं. दाजींनी पॅसेंजरचं विचारलं, मी पॅसेंजरचं सांगितलं. फोन ठेवला आणि खडीच्या गाडीला हिरवा झेंडा दाखवला.

जीपमधला नरसिंग वाचला. त्याला दवाखान्यात भेटलो. ड्रायव्हर रुळाजवळ थांबत होता म्हणे. दाजीच म्हणाले, “चल बिनघोर. गाडी दीड तास लेट हाय. माझा मेहुणाच मास्तर हाय.”

चौकशीत हे कुणी विचारलं न्हाई. बुद्धप्रियाला पत्र वाचून दाखव. मग तिला माझ्याकडं पाठवायचं का, ते दोघी मिळून ठरवा. न्हाई पाठवलीस तरी मी का म्हणून विचारणार न्हाई.

तुझा भाऊ, तू अजून म्हणत असशील तर,
धम्मदीप