उमाक्कांच्या वाट्याचं पाणी

गुरुवार, २४ एप्रिल १९८६

हैदराबादला बी.ए.ला होते तेव्हा रोज डायरी लिहायची. नंतर बत्तीस वर्षं नाही. आज लिहिते आहे, कारण आज गावाला तोंडावर ‘नाही’ म्हटलं, आणि ज्यांच्याशी त्यावर बोलावं त्या उमाक्का गप्प आहेत. शाळेत मुलींना सांगायची — डोक्यात गोंधळ असेल तर लिहून काढा. आता स्वतःच करून बघते.

सकाळी सिद्रामप्पा आले. किराणा दुकान त्यांचं, महादेवाच्या देवळाचंही तेच बघतात. सोबत चार माणसं. ओट्यावर बसले. चहा नको म्हणाले! तेव्हाच ओळखलं, मागणं मोठं आहे.

“बाई, महादेव कोंडायचं ठरलंय.”

म्हणजे गाभाऱ्याची मोरी मातीनं लिंपायची, उंबऱ्याशी बांध घालायचा आणि पिंड बुडेपर्यंत आत पाणी भरायचं. देव गुदमरला की पाऊस धाडतो म्हणे. गावात पाणी राहिलंय एका विहिरीत, ती आमची. मोटार केव्हाच बंद केली. पोहऱ्यानं शेंदून घरटी दोन घागरी देते. आमच्या घरालाही दोनच.

“तेवढ्या पाण्यावर जनावरं जगतील,” मी म्हटलं. “मी देणार नाही.”

“पाऊस आला की हीर भरंलच की.”

“आणि नाही आला तर?”

“तुमी शिकलेल्या, बाई. पन ह्ये शाळंतलं गणित न्हाई.”

“पाणी मोजून द्यायचं म्हणजे गणितच, आप्पा.”

उठून गेले. उमाक्का दाराआड उभ्या होत्या. माझ्या थोरल्या जाऊबाई. दोघींचेही मालक गेले. मी लातूरहून निवृत्त होऊन आले तेव्हापासून एका चुलीवर आहोत. त्या रोज पहाटे देवळात जातात. आम्ही लिंगायत, पण मी गळ्यातलं लिंग आईची आठवण म्हणून ठेवलंय, त्यापलीकडे काही नाही. यावरून आमच्यात कधी शब्द झाला नव्हता. आजही झाला नाही. त्या भाकरी थापत राहिल्या.

लातूर जिल्हा नवा झाला, कलेक्टर जवळ आले. टँकर होता तिथंच आहे.

रविवार, २७ एप्रिल

आपल्या पडीक रानात मुसलमान मंडळींनी पावसासाठी नमाज पढली. शादुलभाई परवा विचारायला आले होते — विहिरीवर रोज येणाऱ्या खैरूनबीचे मालक. रान रिकामंच आहे, पढा म्हटलं.

बांधावरून बघितलं. हातपाय धुवायला पाणी नाही, तर स्वच्छ मातीवर तळवे टेकवून तोंडावरून, हातांवरून फिरवले. शादुलभाई म्हणाले, पाणी नसलं की आमच्यात ह्येच चालतं. दुआ मागताना तळवे जमिनीकडे. मी असं कधी बघितलं नव्हतं. अर्ध्या तासात रान पुन्हा रिकामं.

पाऊस यानंही येणार नाही. पण एक थेंब सांडला नाही, हे आवडलं.

सोमवार, २८ एप्रिल

मीठ आणायला सिद्रामप्पांच्या दुकानात गेले. आठ-दहा माणसं होती. पुन्हा गाभाऱ्याचा विषय. मी म्हटलं, “शादुलभाईंच्या देवाचं मातीवर भागलं. तुमच्याच महादेवाला अख्खी विहीर लागते होय?”

दोघं-तिघं हसले. सिद्रामप्पा हसले नाहीत. मीठ पुड्यात बांधत म्हणाले, “मग शुक्रवारी तिकडंच जात जावा, बाई.”

त्यावर कुणीच हसलं नाही. मी पिशवी उचलून निघाले. रस्ताभर मात्र जिंकल्यासारखं वाटत होतं.

मंगळवार, २९ एप्रिल

खैरूनबी पाण्याला आली नाही.

बुधवार, ३० एप्रिल

आज आली. रांगेत सगळ्यांत शेवटी उभी राहिली.

“काल का नाही आलीस?”

“परवा सांजंला दुकानापाशी पोट्ट्यांनी आमच्या मालकाला छेडलं. ‘काय मामू, तुमचा अल्ला सस्त्यातला!’ म्हून आले न्हाई.”

मी पोहरा आत सोडला.

“एक बात इचारू, बाई? आमच्या नमाजीनं पाऊस येतो, असं वाटतं तुमाला?”

“नाही.”

“मग आमची चीज दुसऱ्याला मारायला कायकू उचलली? तुमाला न्हाई म्हनायचं, तर तुमच्या तोंडानं म्हना. आमचं तोंड उसनं नका घेऊ.”

दोन घागरी भरल्या आणि निघाली. रोज ‘येते बाई’ म्हणते. आज म्हणाली नाही.

जन्मभर मुलींना प्रश्न विचारले मी, आज मला विचारला!

शुक्रवार, २ मे

उमाक्का पडल्या. देवळातून येताना आमच्याच पायरीवर. हातात रिकामी कळशी.

किल्लारीहून जीपनं डॉक्टर आणला. त्यानं जीभ बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून बघितली. “बाईंच्या अंगात पाणीच नाही. पाणी पीत नाहीत का?”

मी म्हटलं, पितात की. मग स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. घागरी आल्या की दोघींचे माठ वेगळे भरतो. माझा अर्धा होता. त्यांच्या माठाच्या तळाला ओल होती, बस.

सलाईन संपून डॉक्टर गेल्यावर विचारलं, “कुठं जातं पाणी?”

“गळतीला.”

महादेवाच्या पिंडीवर तांब्याचं भांडं टांगलेलं असतं, बुडाला बारीक भोक. उन्हाळाभर त्यातून थेंब थेंब पडत राहतो, ती गळती. पाणी नाही म्हणून यंदा भांडं कोरडं टांगलेलं. उमाक्का रोज पहाटे आपल्या वाट्यातली कळशी नेऊन त्यात ओतत होत्या. उरेल तेवढ्यावर दिवस काढत होत्या. या उन्हात! सिद्रामप्पांना मी नाही म्हटलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

मी चिडले. “म्हणजे तुम्हीही देवाला कोंडायला निघालात? रोज एका कळशीनं गाभारा भरायचाय?”

पडल्या पडल्या माझ्याकडे बघत राहिल्या. “कोंडायचं ते सिद्रामप्पाचं. देवाला गुदमरवून काय मागायचं? माझ्या मनाला पटत न्हाई ते.”

“मग?”

“त्येला बी ऊन लागतंय, म्हून घालते.”

“पाऊस?”

“पावसाचं कोन बोललं?”

मी धरूनच चालले होते की देऊळ म्हणजे सगळ्यांचं एकच. त्यांचं काय आहे ते दोन वर्षांत विचारलं नव्हतं. म्हटलं, उद्यापासून विहिरीतली एक कळशी गळतीला घ्या, तुमच्या वाट्याला हात लावू नका.

“नगं. गावासमोर तू न्हाई म्हनलीस. घरात हळूच हो म्हनू नको. माझ्या वाट्याचं माझं मी घालते.”

“मग माझ्या माठातलं तरी प्या.”

“तुला काय तहान कमी लागते?”

आणि कुशीवर वळल्या.

रविवार, ४ मे

गुरुलिंग आला. उमाक्कांचा मुलगा. लातूरला नव्या कलेक्टर कचेरीत कारकून आहे. आईला लातूरला चल म्हणतो. गळतीचं भांडं कोरडं पडेल म्हणून आई जात नाही.

मला बाजूला घेऊन म्हणाला, “काकू, एवढं काय अवघड आहे? सांगून टाकायचं, मी तुमची कळशी ओतून आले म्हणून. तिला आता देवळापर्यंत चालवत नाही. कोण बघायला जातंय?”

“मी त्यांना खोटं सांगू?”

“तुम्ही तर काही मानत नाही. तुम्हाला काय फरक पडतो?”

“देवाला मानत नाही. तुझ्या आईला मानते.”

तो वैतागला. “मग तिचा निम्मा वाटा देवळाला देऊन टाका ना! विहीर दोघींची आहे. गावाला नाही म्हणताना तिला विचारलं होतं?”

आतून उमाक्कांचा आवाज आला. “गप रे गुरुलिंग. हिरीचं ती बघती. मी काय म्हनले का तिला?”

म्हणाल्या नव्हत्या. म्हणू शकल्या असत्या. मी मात्र दहा दिवस ‘मी देणार नाही, मी देणार नाही’ करत फिरतेय. कागदावर, रानात, सगळीकडे निम्मं त्यांचं आहे हे मला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. डोक्यातच आलं नाही!

बुधवार, ७ मे

कळशी आज मी नेऊन ओतली. त्यांच्याच माठातली. पहिला थेंब पिंडीवर पडेपर्यंत थांबले, कारण घरी आल्यावर त्या विचारणार होत्या. विचारलंच.

शनिवार, १० मे

काल पुन्हा चक्कर. डॉक्टर म्हणाला, असंच चाललं तर लातूरच्या दवाखान्यापर्यंतही पोचणार नाहीत. मी त्यांना शब्द न शब्द सांगितलं. “बरं,” म्हणाल्या. आज सकाळी माठ उचलायला लागले तर त्यांचा हात आधीच कळशीवर.

रविवार, ११ मे

आजपासून रोजे. दुपारी खैरूनबी दारात. डोक्यावर पदर, ओठ सुकलेले, हातात झाकलेला तांब्या. त्या दिवसानंतर उंबऱ्याच्या आत पहिल्यांदाच आली. माझ्याकडे न बघता सरळ उमाक्कांच्या बाजेपाशी.

“उठा, उमाक्का. पिऊन घ्या.”

“कुणाचं?”

“माझ्या वाट्याचं. दिवसभर मी पीत न्हाई, म्हून उरलं. तुमाला द्यायचं मन झालं.”

उमाक्का तांब्याकडे बघत होत्या. खैरूनबीनं बोट उगारलं.

“पन ह्ये गळतीला घालायचं न्हाई हां. देवळाला मी देनार न्हाई, आमच्यात चालत न्हाई. ह्ये तुमच्या घशाला. घातलं तर माझ्याशी गाठ हाय.”

“आन् तू अशी सुकलेली, तुझ्यासमोर मी गटागटा पिऊ?”

“मग काय? तुमी पिल्यानं माझा रोजा तुटतो होय!”

उमाक्का हसल्या. किती दिवसांनी! दोन्ही हातांनी तांब्या धरून पूर्ण प्यायल्या. खैरूनबी रिकामा तांब्या घेऊन उभी राहिली. मी म्हटलं, “खैरून, त्या दिवशी तू बोललीस ते बरोबर होतं.”

“ठाऊक हाय मला,” म्हणाली. मग दारातून, “येते बाई.”

सोमवार, १२ मे

बसव जयंती. सिद्रामप्पांच्या दुकानासमोर बसवण्णांची तसबीर, हार, सगळं गाव जमलेलं. बोलले होते चारचौघांत, म्हणून चारचौघांतच गेले.

“आप्पा, त्या दिवशी मी दुसऱ्याचा देव तुमच्या देवाशेजारी ठेवून किंमत केली. ते चुकलं. शादुलभाईंचीही माफी मागून आले. पण गाभारा भरू नये, हे माझं म्हणणं चुकलेलं नाही.”

सिद्रामप्पांनी तसबिरीवरचा हार नीट केला. “बाई, ही अर्धी माफी मागायची रीत हैदराबादेत शिकवत्यात काय?”

हशा झाला. मीही हसले असेन.

“बसा. यंदा गुळाच्या पानकाला पानी न्हाई, खडीसाखर घ्या.” मग तसबिरीकडे बघत, हळू आवाजात, “देवळातल्या दगडाला देव न म्हननारे बसवण्णा तुमच्याच बाजूचे, असं आमचे वडील म्हनायचे. आन् वडील रोज देवळात जायचे.”

“मग तुम्ही काय विचारलंत त्यांना?”

“काय इचारायचं? संगं जायचो.”

घरी येताना खडीसाखर तोंडात तशीच होती. विहिरीपाशी थांबले. सिद्रामप्पांना माझं म्हणणं पटलेलं नाही, पटणारही नाही. माझं ‘नाही’ चाललं ते दोर माझ्या हातात आहे म्हणून. खैरूनबी म्हणाली, तुमच्या तोंडानं म्हणा. मी तर विहिरीच्या तोंडानं म्हणत होते. आणि तीही पुरती माझी नाही.

मंगळवार, १३ मे

उमाक्का आज अंगणापर्यंत चालल्या. खैरूनबीचा तांब्या येऊन गेला. गळती चालू आहे. ढगाचा शिंतोडाही नाही आकाशात.

बुधवार, १४ मे

आज सकाळी विहिरीवर, रांग उभी असताना, उमाक्कांच्या हाती दिलं — पोहरा, दोर, आणि विहिरीवरच्या जाळीची किल्ली. कुणाला किती, गाभाऱ्याला द्यायचं की नाही, हे यापुढं त्यांनी ठरवायचं. सिद्रामप्पा समोरच होते, ऐकत होते.

देताना सांगितलं, “उमाक्का, देव कोंडून पाऊस येत नाही. माझं मत तेच आहे.”

“ठाऊक हाय,” म्हणाल्या. “आन इकडं. आन् तू बी रांगंत हो, मागं.”