एका कामाला एक माणूस

आबा, तुमची पट्टी अजून माझ्याकडे आहे. पॅटर्नच्या बाकावरची, जिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा केसभर मोठा आहे ती. आठवीत असताना मी ती न विचारता दप्तरात घातली आणि भूमितीच्या सगळ्या आकृत्या तिनं काढल्या. बाईंनी त्यांच्या पट्टीनं मोजल्या, तर एकूणएक रेघ लांब. पानभर लाल फुल्या. मी तशीच कुपवाडला तुमच्या फाउंड्रीत आले आणि पट्टी तुमच्यापुढे आपटली, खोटी आहे म्हणून. तुम्ही रंधा बाजूला ठेवलात. आधी हसलात, मग हत्याराला हात लावला म्हणून चांगलं झापलंत, आणि मग म्हणालात, "खोटी न्हाई ती. लोखंड निवलं की आकसतंय. पायजे तेवढंच माप धरलंस तर हातात कमी येतंय. म्हणून लाकडाचा पॅटर्न जरा मोठाच करायचा. त्याचा साचा, साच्यात लोखंड. काय?" मला काही कळलं नव्हतं. मी फुल्यांचाच विचार करत होते.

पुढे कराडला इंजिनिअरिंग करून मी नोकरीला लागले, तेव्हा एकदा जेवताना तुम्ही विचारलंत, तू नक्की करतीस काय. मी सांगायला लागले. कारखान्यात काम कसं चालतं याचं कॉम्प्युटरवर चित्र काढतात, चौकोन आणि बाण, त्याला मॉडेल म्हणतात. ती चित्रं मी काढत नाही. ती कोणत्या भाषेत काढायची, कोणते चौकोन असतील, कोणता बाण कुठून कुठे जाईल, ते मी ठरवते. त्या नियमांना मेटामॉडेल म्हणतात, आणि त्यात जे नाही ते पुढे कुणालाच काढता येत नाही. तुम्ही घास हातात धरून विचार करताय. आई म्हणते, "आवं, जेवा आधी." आणि तुम्ही म्हणता, "मंजी तू पॅटर्नचा पॅटर्न करतीस व्हय?" त्यानंतर मी पुष्कळ मोठ्या लोकांना माझं काम समजावलं, पण एवढ्या लवकर कुणाला समजलं नाही. वर्षभरात तुम्ही गेलात. त्याला आता चौदा वर्षं झाली.

चार वर्षांपूर्वी कंपनीनं फाउंड्र्यांसाठी अशी एक भाषा करायला घेतली आणि ते काम माझ्याकडे आलं. पॅटर्नवाल्याची पोर, म्हणून मलाच. त्यात मी एक नियम घातला: एका कामाला एक माणूस. शून्य नाही, दोन नाहीत. दोन नावं असली की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात, असं मीच मिटिंगमध्ये म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला तुमची फाउंड्री आठवलीच नाही. दुपारी चारला भट्टी तयार व्हायची. माणसं कमी, म्हणून तुम्हीही बाकावरून उठून यायचात. वितळलेल्या लोखंडाची ती लांब दांड्यांची बादली, लाडल, एकट्याला उचलत नाही. एक जण पुढं ओततो, दुसरा मागं तोल धरतो. ओतायचे काका, तुमच्या शेजारी साचे भरणारे, ज्यांच्या डब्यातला ठेचा मी खायचे. तोल धरायचात तुम्ही. दोघं चालताना एक शब्द बोलायचा नाहीत. साच्याशी पोचलं की तुम्ही नुसतं "हं" म्हणायचात आणि मग काका लाडल कलती करायचे. मी दाराशी दप्तर घेऊन उभी असायचे. एवढं रोज पाहिलेलं, आणि माझ्या भाषेत तुमच्यासाठी चौकोन नाही. तुमचं नाव त्यात कुठेच आलं नसतं.

आपली ती फाउंड्री आता मालकांचा मुलगा बघतो. त्यानं त्या भाषेवर चालणारं आमचंच सॉफ्टवेअर घेतलं. हे मला ठाऊक होतं. ग्राहकांच्या यादीत नाव वाचलं आणि पान उलटलं.

गेल्या रविवारी सकाळी काका घरी आले. गुडघे गेलेत त्यांचे. उकिडवं बसून साचे भरणं कधीच सुटलंय. तुमच्यानंतर तेच मागं उभे राहतात, तोल धरायला. राहायचे. मी चहा ठेवला. त्यांनी बशीत ओतला आणि तो निवेपर्यंत सांगत राहिले.

"मालकाच्या पोरानं बोलावलं. म्हनला, काका, वर्षभरात तुमचं कामच दिसत न्हाई. स्क्रीन फिरवून दावली मला. ओतनाऱ्याचं नाव हाय, माझं कुठंच न्हाई. म्हनलं, आरं गड्या, मग मागनं काय भूत धरत हुतं व्हय? म्हनला, त्यात एकच नाव बसतंय."

"मग?"

"मग काय. एक तारखेपासनं घरी हाय." त्यांनी बशी तोंडाला लावली. "पोरी, तू त्या कॉम्प्युटरातली. कुनीतरी बसून लिवलं असंल की न्हाई हे? त्याला सांग, मागं बी एक मानूस असतोय म्हनावं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सहजच पाहिलं असेल, पण चोराच्या मनात चांदणं, मी कप उचलून आत गेले. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. नळाखाली कप धरून उभी राहिले, तो स्वच्छ झाल्यावरही. बाहेर येऊन म्हणाले, "सांगते काका."

सोमवारी मी नियम बदलला. एकच्या जागी एक किंवा अधिक. दहा मिनिटांचं काम होतं, कुणी कारणसुद्धा विचारलं नाही. मालकाच्या मुलाला फोन केला, नवी आवृत्ती घ्या म्हणाले. तो म्हणाला, "ताई, आता कशाला? लाडल साखळीला टांगलीय आम्ही. एका माणसात भागतंय." मी बरं म्हणाले. फोन ठेवला आणि जेवले. आबा, मला काहीच वाटत नाहीये, आणि याचीच भीती वाटते.

पट्टी समोर आहे. माप मोठं धरायला तुम्ही शिकवलं होतंत. मी पाहिजे तेवढंच धरलं.

हे तुम्हाला लिहिलं, कारण तुम्हाला पाठवता येत नाही. तो नियम माझाच होता, हे काकांना अजून सांगितलेलं नाही. त्यांचं घर इथून चार गल्ल्या पुढं आहे.