तळहातावरचं पीठ

श्रावण वद्य षष्ठी, शके १८६७

आज घोकणं बंद केलं. चिडूनच! मठाच्या ओसरीवर सात पोरं बसतात, क-का-कि-की ओरडतात, आणि धुळीतल्या क वर बोट ठेवून हे काय विचारलं की आढ्याकडं बघतात. आढ्यात उत्तरं टांगलीत जशी!

पुढं सरकारी शाळेत गेली की उर्दूचा मार आहेच. त्याआधी आपलं अक्षर तोंडात बसलं पाहिजे. म्या शाळेचं तोंड बघितलं न्हाय. लगीन होऊन आले तेव्हा आमचे मालक दुकानात पुड्या बांधता बांधता कागदावरचं अक्षर दाखवायचे. आधी आवाज, मग नाव. तेच करणार. जातं फिरतं तो घ. साप जातो तो स. धापलेला बैल तो ह.

श्रावण वद्य नवमी

बंडप्पाला आठ अक्षरं आली. पोरगं न्हाय, गोचीड. धरलं की सोडत न्हाय. रेवणसिद्ध मात्र अडला. त्याच्या घरात कानडी.

"भाकरी म्हण."

"बाकरी."

"खाट म्हण."

"काट."

म्हटलं, मग बाकरी खा आणि काटावर नीज. रडत घरी गेला. त्याची आई भांडायला आली — "आमच्या घरात सगळेच असं बोलत्यात, रुद्रम्मा!" म्हटलं, मग सगळ्यांनाच पाठव.

पोळ्याचा दुसरा दिवस

सापडलं! दळताना शिंकले, पीठ उडालं. तळहातावर चिमूटभर घेतलं, तोंडापुढं धरलं. ब म्हटलं — पीठ जागेवर. भ म्हटलं — नाकात!

रेवणसिद्धाच्या हातावर दिलं. नऊ वेळा बाकरी झाली. दहाव्यांदा पीठ उडालं. असा हसला की शेंबूड आणि पीठ एक झालं.

सूनबाई करवादली. "आत्या, दाणा मिळंना झालाय आणि तुम्ही पीठ उडवायलाव!" जात्याभोवतीचं झाडून घेतलंय म्हटलं, तुझ्या परातीतलं न्हाय. पुढं आणखी कायतरी पुटपुटली. ही शांतम्मा हल्ली तोंडात गूळ धरून बोलते.

जात्याचाही आवाज बसलाय. पाथरवट आला की दगडाला टाकी लावून घ्यायची.

भाद्रपद शुद्ध सप्तमी

हरिबा धनगर त्याची पोर घेऊन आला. अयोध्या. पाच वर्षांची. ऐकत न्हाय, बोलत न्हाय.

"बसू द्या कोपऱ्यात, आज्जी. मेंढरामागं नेली तर हाक पोचत न्हाय. गेल्या साली लांडगा आला, सगळे बोंबलत होतो आणि ही त्याच्याकडं तोंड करून उभी."

बसवली. कोपऱ्यात न्हाय, पुढं.

बाकीची ओरडत होती. ही माझ्या ओठांवरून नजर काढत न्हाय. तसं बघणं मला ओळखीचं वाटलं. कुठं बघितलंय, आठवेना.

भाद्रपद शुद्ध एकादशी

पिठाचा हात अयोध्यापुढं धरला आणि भ म्हटलं. पीठ उडालं तशी टाळी वाजवली तिनं! आपल्या हातावर घेतलं आणि फुंकर मारली. न्हाय गं बाई, फुंकर चुलीला. तिचा हात ओढून माझ्या गळ्यावर ठेवला. भ. भ. गळा थरथरतो तो आवाज. पोरीनं हात काढलाच न्हाय. माझा घसा बसला तरी न्हाय.

भाद्रपद वद्य द्वितीया

मठाचे कारभारी महांतप्पा आले. चप्पल न काढता ओसरीच्या कडेला उभे.

"मुकीच्या संगतीनं आमची लेकरं मुकी व्हतील. लोक बोलायलेत."

"कोण लोक?"

"लोक म्हंजे लोक."

"नावं सांगा. त्यांच्या घरी जाऊन येते."

नावं राहिली बाजूला. म्हणाले, दसऱ्याला पाटीपूजा आहे. चार माणसांपुढं तिनं एक अक्षर बोलून दाखवावं. न्हायतर मुकीला काढा, न्हायतर ओसरी सोडा.

म्हटलं, दोन्ही न्हाय. बोलेल ती.

घरी येऊन तांब्या असा ठेवला की पोचा आला. रागानं. दुसरं काय असणार!

भाद्रपद वद्य पंचमी

दोघांनी पोरं काढून नेली. बरं झालं. धूळ पसरायला जागा झाली.

सर्वपित्री

पीठ उडतं, पण नुसता वारा. आवाज फुटत न्हाय. दहाच दिवस राहिलेत.

हरिबा येऊन गेला. "दसरा झाला की कळप निघतो, आज्जी. जमत नसलं तर नेतो तिला."

"आणि लांडगा?"

पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला.

आश्विन शुद्ध तृतीया

रेवणसिद्ध अयोध्याशेजारी बसतो. कुणी सांगितलं न्हाय. तिचा हात आपल्या गळ्यावर दाबून भाकरी भाकरी करत बसतो. एवढ्या वेळा तर त्याला आयुष्यात भाकरी मिळणार न्हाय.

आश्विन शुद्ध पंचमी

फुटला! मी अयोध्याच्या गळ्यावर हात ठेवून होते. पाखरू फडफडावं तशी थरथर लागली. तेवढ्यात मठाशेजारच्या आमच्या घरातनं शांतम्मा चूल टाकून धावत आली — "आत्या! भ म्हणाली!"

म्हटलं, मग काय ब म्हणेल?

दसरा

चार माणसं म्हणाले होते, चाळीस आली. तमाशा फुकटचा असला की गावाला सवड असते.

पाट्यांची पूजा झाली. बंडप्पानं सगळी अक्षरं एका दमात टाकली. मग अयोध्या. म्या तिच्या हातावर पीठ दिलं. तिनं पागोटी बघितली, मिशा बघितल्या आणि ओठ मिटून घेतले.

माणसं चुळबुळायला लागली. महांतप्पा वाकले, तिच्या तोंडाशी कान नेला. "काय म्हणती का तरी?"

भ!

पीठ मिशीत, भुवईत, कानात.

मिशी झटकत म्हणाले, "हा वारा झाला. अक्षर न्हाय."

म्या त्यांच्या हातावर चिमूट ठेवली. "मग तुमी म्हणा. भाकरी."

"बाकरी."

पीठ हललं न्हाय; त्यांच्याही घरात कानडी. पुन्हा म्हणाले. पुन्हा न्हाय. रेवणसिद्ध ओरडला, "आज्जी, कारभाऱ्यांना माझ्याजवळ बसवा! दहाव्यांदा येतंय!"

आख्खी ओसरी हसली. पोरीनं हसणारी तोंडं बघितली आणि स्वतःहून आणखी दोनदा भ म्हणाली. महांतप्पा म्हणाले, "ऐकलं बाई, ऐकलं. बसू द्या तिला."

हरिबानं पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं. म्हणाला, पीठ गेलं डोळ्यात. दहा हात लांब उभा होता!

आश्विन शुद्ध एकादशी

अयोध्या आज घरीच आली. मी दळत होते. ती दारात थांबून एकदा माझ्या मागं बघे, एकदा माझ्याकडं. वळले तर मागं शांतम्मा, हाका मारून मारून लाल झालेली. तिच्या ओठांकडं बघितलं तेव्हा हाक कळली.

पोर जवळ आली. माझा हात उचलून आपल्या गळ्यावर ठेवला. तशी थरथर लागली.

काल चाळीस माणसांनी ऐकलं. म्या तिचा आवाज अजून एकदाही ऐकला न्हाय.

दुपारी पाथरवट आला. परत पाठवला. जातं चांगलं आहे.