यादीतून खोडलेली आई

पूर्णा, २ नोव्हेंबर १९५३

आईला जाऊन तीन महिने झाले. आज चर्चमध्ये मृतांसाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना होती; तीत वाचायला नावं द्यायची होती. मी आईचं दिलं, गंगूबाई. यादी करणाऱ्या मास्तरांनी ते खोडलं. "जोसेफ, तिचा बाप्तिस्मा कुठं झालता? चर्चबाहेर तारण न्हाई."

लहानपणी मला पटकी झाली, तेव्हा आईनंच पाठीवर घेऊन मिशनच्या दवाखान्यात आणलं. मी वाचलो. "ह्यांच्या देवानं तुला राखलं, आता तू त्याचा," म्हणाली. स्वतः मात्र खंडोबाचीच राहिली. जिनं मला आत आणून सोडलं, तीच बाहेर? मला हे मान्य नाही.

मिस्सेत फादरांनी यादीतली नावं वाचून संपवली, तेव्हा मी उठून मोठ्यानं म्हणालो, "गंगूबाई." सगळे वळून बघायला लागले. एरवी मी चर्चमध्ये खोकतसुद्धा नाही. पुढच्या वर्षीही म्हणणार.