स्वच्छ आलेला फोटो

सेम्बावांग, सिंगापूर
१८ जुलै २०२४

चि. सुबोध,

आशीर्वाद. ते घ्यायचे की परत पाठवायचे, हे पत्र संपल्यावर ठरव.

इकडे सगळे ठीक. ऋता ऑफिसात, नातू नील शाळेत. मी सकाळी ब्लॉकखालच्या बाकावर बसून जुन्या कविता आठवतो. शुभदाचे गुडघे कसे आहेत? तुझं पुस्तकबांधणीचं काम अजून त्या मागच्या अंधाऱ्या खोलीतच चालतं ना?

फोन सोडून पत्र, कारण पडद्याकडे पाहिलं की डोकं ठणकतं. रोज आठ-दहा ओळी लिहितो आणि डोळे मिटून पडतो. आज चौथा दिवस.

फेब्रुवारीत मार्केटच्या ओल्या फरशीवर मागच्या मागे पडलो, डोकं आपटलं. रक्त नाही, टाका नाही. स्कॅन केलं, ते स्वच्छ आलं. पण तेव्हापासून उजेड टोचतो, भांडं पडलं तरी सहन होत नाही. शब्द ऐनवेळी दगा देतात. परवा आमटीसाठी ऋताकडे 'ते काळं, आंबट' मागत होतो. चिंच म्हणता येईना. नील इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाला, "आजोबा, स्कॅन क्लिअर ना? डोन्ट अ‍ॅक्ट, लाह!"

ऋता त्याच्यावर ओरडली. मला ते वाक्य ओळखीचं होतं.

इथल्या विद्यापीठात उत्कर्षा नावाची आपल्या साताऱ्याकडची मुलगी संशोधन करते. डोक्याला मार लागून महिने उलटले तरी ज्यांचा त्रास जात नाही, अशांच्या मेंदूची चित्रं घेते. गणपतीत ओळख झाली होती. मी नाव दिलं. घड्याळ, पट्टा, जानवं काढून (जानव्याला किल्ली होती, हसू नकोस) त्या नळकांड्यात पाऊण तास निश्चल पडलो. आवाज म्हणशील तर जहाजाच्या इंजिनरूमचा. नोकरीत चाळीस वर्षं ऐकलेला, म्हणून भीती नाही वाटली. मनात रणदिवे मास्तरांची नदीची कविता म्हणू लागलो. 'वळणावरती थांब नदी गे, घागर माझी अर्धी.' आणि पुढे अडलो.

तूही तिथेच अडला होतास, सुबोध. स्पर्धेत, सगळ्या शाळेसमोर.

बाहेर आल्यावर उत्कर्षाला विचारलं, "काय दिसलं गं?"

"एकट्या तुमच्या चित्रावरून नाही सांगता येत, काका. पुष्कळांची चित्रं शेजारी ठेवून मेंदूतले जोडणारे धागे बघतोय आम्ही. नेहमीच्या स्कॅनमध्ये ते दिसत नाहीत. पण एक सांगते, फोटो स्वच्छ आला म्हणजे त्रास खोटा, असं नसतं."

मी तिथेच खुर्चीवर बसलो.

तालुक्याच्या डॉक्टरांनी तुझ्याही डोक्याचा एक्स-रे फोटो काढला होता. स्वच्छ. आप्पांनी मला विचारलं, "हा खरंच आजारी आहे का रे?" मी म्हणालो, "सोंग करतोय, अभ्यास नको म्हणून." स्पर्धेतलं पहिलं बक्षीस तेव्हा माझ्या दप्तरात होतं. कविता तू माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगली म्हणायचास. आठवीत तुझी शाळा सुटली. ऋताच्या लग्नात बँड सुरू होताच तू मांडवाबाहेर गेलास, तेव्हाही मी चारचौघांत म्हणालो, "याची नाटकं संपली नाहीत." त्यानंतर आपण दिवाळीच्या फोनपुरतेच उरलो.

आता राहिलेलं लिहितो.

शाळेमागच्या चिंचेखाली तुझा पाय घसरला नव्हता. तू माझ्या खांद्यावर उभा होतास, हात फांदीला पोचत होता, आणि मी गंमत म्हणून सरकलो. तुझं डोकं मुळावर आपटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. घरी 'पाय घसरला' हे मी सांगितलं. तू दहा वर्षांचा होतास. तू मान हलवलीस.

हे मी उत्कर्षाला सांगितलं. विचारलं, "साठ वर्षांनंतर काही कळेल का?" तिनं मलाच विचारलं, "त्यांना नेमकं काय होतं, हे कधी कुणी विचारलंय का?"

काल नीलला सगळं सांगितलं. त्यानं उठून खिडकीचे पडदे तेवढे ओढले.

क्षमा वगैरे राहू दे. ते मागायचा हक्क मी ठेवलेला नाही. पण वळणावर थांबून एवढं विचारतो. सुबोध, तुला काय होतं रे? सावकाश लिही. रोज दोन ओळी लिहिल्यास तरी मी वाट बघेन.

तू खांद्यावर असताना सरकलेला,
तुझा दादा
पद्मनाभ